दुरुस्तीनंतर हायड्रॉलिक क्लच सुटत नाही? गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे तपासा

नवी क्लच प्लेट बसली, गिअरबॉक्स चढला, सगळे बोल्ट आवळून झाले. गाडी सुरू केली, क्लच दाबला, रिव्हर्स टाकायला गेलात आणि कर्रकन आवाज आला. किंवा पेडल दाबलं ते थेट खाली टेकलं आणि वर यायला तयारच नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो "नवा पार्टच खराब दिसतोय" असा, आणि बरेच जण दमलेल्या हातांनी गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला घेतात. मी नव्याने शिकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, तिथेच थांबा. तुमच्या पायाचा धक्का प्लेटपर्यंत पोचताना वाटेत कुठे हरवतो, ते बाहेरूनच मोजता येतं. आधी मोजा, मग खोला.

ही वाट एकदा डोळ्यांसमोर आणा. पेडल पुशरॉडला ढकलतं, पुशरॉड मास्टर सिलेंडरच्या पिस्टनला. मास्टरमधलं ऑइल (बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच) पाइपातून आणि रबरी होजमधून स्लेव्ह सिलेंडरकडे जातं. स्लेव्हचा रॉड फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना. पाकळ्या दबल्या की प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि मधली क्लच प्लेट मोकळी होते. काही गाड्यांत फोर्क नसतो. स्लेव्ह आणि बेअरिंग एकत्रच गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसलेलं असतं. त्याला मी या लेखात 'आतला स्लेव्ह' म्हणेन, कारण त्याचे नियम थोडे वेगळे आहेत.

कामाला हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावूनच. ब्रेक ऑइल डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं, म्हणून चष्मा घाला. रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा. क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे ती ओल्या फडक्यानेच पुसा.

आधी स्वतःला विचारा: मी नेमकं काय हलवलं?

दुरुस्तीनंतरचा दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच असतो. फक्त मास्टर किंवा स्लेव्ह बदलला आणि त्याआधी क्लच बरा सुटत होता, तर प्लेटवर संशय घेण्याचं कारण नाही. एअर (म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा), पुशरॉड आणि जोडण्या बघा. फक्त प्लेट बदलली आणि ऑइलची लाइन खोललीच नाही, तर संशय गिअरबॉक्सच्या तोंडाकडे वळतो. दोन्ही केलं असेल तर हायड्रॉलिक आधी तपासा, कारण ते बाहेर आहे.

मग एक सोपी चाचणी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. आता इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून पुन्हा टाका. बंद असताना सहज पडतात आणि सुरू असताना अडतात किंवा वाजतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद असतानाही अडत असतील तर गिअरची लिंकेज किंवा केबल बघा. दुरुस्तीच्या वेळी तीही निघालेली असते. रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, म्हणून अर्धवट सुटलेल्या क्लचची चाहूल तिथे सर्वांत आधी लागते. क्लच दाबून पाच-सात सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही वाजला, तर प्लेट अजून फिरते आहे.

सीटवर बसून आणि बॉनेट उघडून

टॉर्च घेऊन पेडलखाली वाका. जाड किंवा घडी पडलेला पायपुसणा पेडलचा शेवटचा सेंटिमीटर खातो, तेवढ्यानेही गिअर वाजू शकतो. पुशरॉडची पिन आणि तिची क्लिप जागेवर आहे का, पेडलच्या ब्रॅकेटला तडा गेला आहे का, मास्टरच्या मागच्या बुटाजवळ (रबरी टोपणाजवळ) ओल आहे का, बघा. मास्टरचं मागचं सील गळायला लागलं की ऑइल केबिनमध्ये, पेडलच्या बाजूने कार्पेटमध्ये उतरतं. इंजिनच्या बाजूने सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो.

आता ऑइलची पातळी. ही गोष्ट नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. प्लेट झिजत जाते तशा प्रेशर प्लेटच्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने सरकतात आणि स्लेव्हचा पिस्टन मागे ढकलला जातो. तिथलं ऑइल मास्टरला ऑइल पुरवणाऱ्या टाकीत परत येतं. म्हणजे जुन्या प्लेटबरोबर टाकीची पातळी हळूहळू वर चढलेली असते. नवी जाड प्लेट बसवली की पाकळ्या परत मागे जातात, पिस्टन पुढे येतो आणि पातळी खाली उतरते. काहीही गळत नसताना टाकी रिकामी दिसू शकते. तेव्हा प्लेट बदलल्यावर पातळी पुन्हा बघून ऑइल भरणं हा कामाचाच भाग समजा. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असेल तर क्लचची नळी बहुधा वरच्या अंगाला असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचं ऑइल शिल्लक राहतं. त्यामुळेच टाकीत थोडं ऑइल दिसत असूनही क्लचच्या लाइनने हवा ओढलेली असू शकते.

ऑइल कोणतं, ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच कुळातली. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. काही मोजक्या गाड्यांत खनिज ऑइल लागतं, तिथे ब्रेक ऑइल चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून महिनोन् महिने उघड्या राहिलेल्या डब्यातलं वापरू नका. आणि इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये पडलं तर सगळी रबरं फुगतात. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालंय का बघा, तो त्याचा पहिला पुरावा. तसं असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही, रबरी सील, होज सगळं बदलून पाइप धुवावे लागतात. टाकी ब्रेकशी सामायिक असेल तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

पेडल काय सांगतं

पेडल हाताने दाबा. पायापेक्षा हाताला बारीक फरक कळतो.

काहीच विरोध नाही, पेडल पडून राहतं: लाइनमध्ये भरपूर हवा आहे, ऑइल नाही, किंवा पुशरॉड सुटला आहे. पहिल्या दाबाला मऊ आणि भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर वर येऊन कडक होतं: हवा आहे. पहिल्यांदा कडक लागतं, पण दाबून धरलं की हळूहळू खाली जातं: ऑइल कुठून तरी निसटतंय, बाहेर ओल नसेल तर मास्टरच्या आतलं सील. पेडल अगदी पूर्वीसारखं कडक लागतं आणि तरीही गिअर वाजतो: ही सर्वांत फसवी स्थिती, तिचा निकाल मोजमापानेच लागतो. ते पुढे येतं.

एअर काढणं

दुरुस्तीनंतरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा कारण हेच निघतं, म्हणून इथे घाई करू नका.

एक मदतनीस पेडलवर, तुम्ही स्लेव्हच्या ब्लीडर निपलपाशी, म्हणजे हवा बाहेर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूपाशी. निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग पारदर्शक नळी घट्ट बसवा. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं हवं. टाकी भरा. मदतनीस पेडल सावकाश शेवटपर्यंत दाबतो आणि "दाबलं" म्हणतो. तुम्ही निपल अर्धा फेरा उघडता, नळीतून ऑइल आणि बुडबुडे येतात, तुम्ही निपल बंद करता आणि मगच म्हणता "सोड". पेडल वर आल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मास्टरला भरायला तेवढा वेळ लागतो. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघा. क्लचची वेगळी टाकी छोटी असते, बघता बघता तळ गाठते आणि हवा ओढली की पुन्हा पहिल्यापासून. भराभर पेडल मारायचं नाही, त्याने मोठा बुडबुडा फुटून बारीक फेस होतो आणि तो निघता निघत नाही. फेस झालाच असेल तर तासभर गाडीला हात लावू नका.

नळीकडे जवळून बघा. सुरुवातीला मोठे, लांबट बुडबुडे येतात. नंतर मोहरीएवढे, मग टाचणीच्या टोकाएवढे. लागोपाठ सात-आठ वेळा नळीत नुसतं स्वच्छ ऑइल आलं की काम झालं. व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर एक धोका ओळखून ठेवा: निपल ढिला केला की त्याच्या आट्यांमधूनही हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे कधी संपतच नाहीत. ती लाइनमधली हवा नसते. शेवटचे काही दाब पंप काढून पेडलनेच द्या, म्हणजे खरं काय ते कळेल. निपल बंद करताना जोर लावू नका, तो पोकळ असतो आणि तुटला की नवीन काम होऊन बसतं.

एवढं करूनही पेडल मऊच असेल, तर पेडलवर आणखी शंभर वेळा पाय मारून काही होणार नाही. हवा कुठे अडकली आहे ते शोधा. माझ्या स्वतःच्या गाडीला नवा स्लेव्ह बसवल्यावर मी दोन दिवस एअर काढत बसलो होतो. दर वेळी नळीत स्वच्छ ऑइल, आणि दर वेळी पेडल मऊ. तिसऱ्या दिवशी खाली झोपून टॉर्च मारला तेव्हा दिसलं की स्लेव्हला दोन भोकं आहेत, दोन्हींचे आटे सारखे, आणि निपल खालच्या भोकात, पाइप वरच्या भोकात बसवलेला. हवा वर चढून सिलेंडरच्या माथ्याशी बसली होती आणि मी खालून ऑइल काढत होतो. अदलाबदल केली आणि दहा दाबांत पेडल कडक झालं. म्हणून सांगतो, निपल हा सिलेंडरचा सर्वांत उंच बिंदू असलाच पाहिजे. रचनेमुळे तसा नसेल तर स्लेव्ह ब्रॅकेटवरून सोडवून, निपल वर येईल असा हातात धरून एअर काढा. मात्र स्लेव्ह सोडवलेला असताना रॉड हाताने किंवा क्लॅम्पने आत दाबून धरायलाच हवा; नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर उडतो.

बाहेरच्या स्लेव्हसाठी आणखी एक युक्ती आहे आणि ती मला फार भरवशाची वाटते. टाकीचं झाकण उघडा, निपल बंद ठेवा, स्लेव्हचा रॉड हाताने सावकाश पूर्ण आत दाबा आणि सावकाश सोडा. पाइपातली हवा उलट्या दिशेने मास्टरमधून वर जाते आणि टाकीत बुडबुडे दिसतात. हे दहा-पंधरा वेळा करा. टाकी काठोकाठ भरलेली नको, नाहीतर ऑइल बाहेर येईल. मास्टर नवा असेल तर त्याच्या तोंडाशीही हवा राहते. तिथे फडकं धरून, पेडल दाबलेलं असताना पाइपाचा नट किंचित ढिला करून लगेच आवळा, निपलसारखंच.

आतल्या स्लेव्हच्या बाबतीत गिअरबॉक्स जागेवर बसण्याआधी पेडलला पाय लावायचा नाही. समोर पाकळ्यांचा आधार नसल्याने पिस्टन मर्यादेबाहेर जातो आणि सील खराब होतं. अशा लाइनला बऱ्याचदा क्लिपचा जोड असतो; क्लिप 'टक' आवाज करून पूर्ण आत गेली का आणि आतली रबरी रिंग जागेवर आहे का, ते हाताने ओढून तपासा.

आता मोजा

मोजण्याचा हा भाग बहुतेक जण गाळतात. स्लेव्हच्या रॉडवर किंवा फोर्कच्या टोकावर खडूने खूण करा, शेजारी पट्टी धरा आणि मदतनिसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा. इंजिन बंद. रॉड किती मिलिमीटर सरकला ते लिहून ठेवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा.

आकडा मिळत नसेल तर हिशोबाने अंदाज येतो, कारण मास्टरमधून जेवढं ऑइल निघालं तेवढंच स्लेव्हमध्ये जाणार. समजा मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर, त्याचा पिस्टन ३० मिलिमीटर सरकतो आणि स्लेव्हचा व्यास २० मिलिमीटर. १६ भागिले २० म्हणजे ०.८, त्याचा वर्ग ०.६४, गुणिले ३०. रॉड १९.२ मिलिमीटर सरकायला हवा. हवेमुळे मास्टरचे पहिले ८ मिलिमीटर नुसती हवा दाबण्यात गेले, तर उरलेल्या २२ मधून स्लेव्हला मिळतात १४ च्या आसपास. पाच मिलिमीटर कुठे गेले ते समजलं. याच हिशोबाने चुकीचा पार्टही सापडतो. दुकानातून आलेला स्लेव्ह २० ऐवजी २२ मिलिमीटरचा असेल, तर हवेचा एक कणही नसताना रॉड १५.९ मिलिमीटरच सरकेल. पेडल उलट हलकं लागेल, छान वाटेल आणि गिअर मात्र वाजतच राहील. म्हणून जुना पार्ट नवा बसेपर्यंत फेकू नका. दोन्हींवर कोरलेला आकडा शेजारी ठेवून वाचा.

पेडल दाबलेलंच ठेवून एक मिनिट थांबा. रॉड हळूहळू परत येतोय? मग सील गळतंय. मास्टर की पुढचं, हे ठरवायला मास्टरच्या तोंडाचा पाइप काढून तिथे त्याच आट्यांचा बंद बोल्ट किंवा प्लग लावा आणि मास्टरमधली एअर काढा. आता पेडल वरच्या वरच दगडासारखं थांबलं तर मास्टर चांगला. तरीही खाली जात असेल तर दोष मास्टरचाच. मदतनीस पेडल दाबत असताना रबरी होज मुठीत धरून बघा, म्हातारा होज फुगतो आणि तो हाताला कळतो. लॉकिंग प्लायरने होज चिमटून चाचणी करणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका, होज आतून फाटतो. मास्टर जिथे बसतो तो पत्राही बघा. पेडल दाबल्यावर मास्टर स्वतःच पुढे डोलत असेल तर तुमचा धक्का त्या पत्र्यात हरवतोय.

रॉड पुरेसा सरकतो, टिकतो, तरीही क्लच सुटत नाही

मग हायड्रॉलिक निर्दोष आहे आणि आता गिअरबॉक्स उतरवायला खरं कारण मिळालं. आत बघायचं ते असं: प्लेट उलटी बसली आहे का (फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक; त्याच्याकडची बाजू बहुतेक प्लेटवर लिहिलेली असते); गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटवर लोंबकळला होता का, त्याने प्लेट वाकते; शाफ्टच्या दात्यांवर गंज आहे किंवा ग्रीस इतकं थापलंय का की प्लेट सरकत नाही; फोर्क त्याच्या गोळीवरून निसटला आहे का; फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग जाम आहे का. फ्लायव्हील घासून आणलं असेल तर किती घासलं तेही विचारा, कारण तेवढी सगळी मांडणी फोर्कपासून दूर जाते. वाकलेली प्लेट डोळ्यांना सहसा दिसत नाही, तिला फिरवून डायल गेजनेच पकडावं लागतं.

उलटी तक्रार: क्लच घसरतो

इंजिनचा आवाज चढतो, गाडी मात्र वेग घेत नाही. दुरुस्तीनंतर लगेच असं झालं तर प्लेटवर ऑइल किंवा ग्रीसचे हात लागले असतील. पण थंड असताना ठीक आणि काही किलोमीटरनंतर घसरतो, असं असेल तर पुशरॉड बघा. पेडल पूर्ण वर असताना पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक लागते, अनेक गाड्यांत साधारण एक मिलिमीटर. ती नसेल तर मास्टरमधलं टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडत नाही, गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट राहत नाही आणि क्लच आपोआप दाबला जातो. खात्री करायची असेल तर घसरत असतानाच गाडी थांबवून, इंजिन बंद करून निपल क्षणभर उघडा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि क्लचने पुन्हा पकड घेतली, तर दाब अडकलेला होता. पुशरॉडची मोकळीक बरोबर असूनही तसंच होत असेल, तर होज आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाहीये, तो बदला.

आवाजाबद्दल थोडक्यात: क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग, आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर, दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

सगळं जुळून आलं की पहिले चार-पाचशे किलोमीटर नवी प्लेट सौम्यपणे वापरा, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पेडल एकदा हाताने दाबून बघा. रात्रभर वर चढलेली उरलीसुरली हवा त्या पहिल्या दाबाला कळते. आठवड्याने स्लेव्हच्या बुटाची कड बोटाने किंचित उचला. आत कोरडं असेल तर बूट परत बसवा, टाकीची पातळी बघा आणि पाने पुसून ठेवा.